शब्द वेगळे, माया तीच

मुलांनो, आपण शेजाऱ्यांच्या घरी जातो, खेळतो, कधी जेवतोही. तरी त्यांचा एखादा शब्द आपल्याला नीट कळत नाही आणि मन उगाच दुखावते. माझ्या वर्गातील एका मुलीचे असेच झाले.

ती आपल्या मराठी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. मैत्रिणीने हाक मारली, "अगं आई, तू चहा ठेवलास का?" आईला ‘तू’! मुलीला हे उद्धटपणाचे वाटले. थोड्या वेळाने तिच्या हातून पाण्याचा पेला सांडला. ती घाबरली. तेव्हा मैत्रिणीची आई हसून म्हणाली, "अगं वेडाबाई, घाबरतेस काय?" आपल्याला वेडी म्हटले, असे समजून ती घरी आली. मैत्रिणीशी बोलणेही तिने सोडले.

मला हे कळले, तेव्हा मी तिला विचारले, "तुझी नानी तुला लाडाने ‘पगली’ म्हणते का?"

"हो, रोजच!"

"मग ‘वेडाबाई’ म्हणजे तेच."

ती ओशाळली. त्याच संध्याकाळी ती मैत्रिणीकडे गेली.

आता ‘तू’ या शब्दाचे पाहा. उर्दूत आपण अम्मीला ‘आप’ म्हणतो. मराठीत मूल आईला ‘तू’ म्हणते. त्यात अनादर नसतो, जवळीक असते. वारकरी विठ्ठलाला ‘माउली’, म्हणजे आई मानतात आणि त्यालाही ‘तू’ म्हणतात. याचे नवल वाटते? मग आठवा, दुआ मागताना आपणही अल्लाहला ‘तू’च म्हणतो. मात्र मराठीत सर्वांनाच ‘तू’ म्हणू नका. शिक्षकांना आणि मैत्रिणीच्या आईला ‘तुम्ही’च म्हणा.

गैरसमज दुसऱ्या बाजूनेही होतो. आपल्याकडे मुलीलाही प्रेमाने ‘बेटा’ म्हणतात. मराठी माणसाला प्रश्न पडतो, मुलीला मुलगा का म्हणतात? उर्दूत ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. "माझा दादा दहावीत शिकतो," असे कोणी म्हणाले, तर हसू नका!

शब्दाचा अर्थ शब्दकोशात सापडतो. त्यातील माया बोलणाऱ्याच्या आवाजात आणि चेहऱ्यावर दिसते. म्हणून एखादा शब्द खटकला, तर रागावण्याआधी त्याचा अर्थ विचारा. विचारल्याने कमीपणा येत नाही. न विचारल्याने मात्र चांगली मैत्री तुटू शकते.