हप्ता किती झेपेल?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या आमच्या भागात १९५६ साली राज्य बदलले, कचेरीतील कागदांची भाषा बदलली. परंतु गहाण या शब्दाचे भय बदलले नाही. आजोबांनी सावकाराकडे शेत गहाण टाकले, नातू बँकेकडे घर तारण ठेवतो. बँकेचे व्याज कमी आणि नियम स्पष्ट, हे खरे. पण हप्ते थकले तर घर जाते, हेही तितकेच खरे. म्हणून कर्ज किती मिळेल, यापेक्षा किती झेपेल, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

एक उदाहरण घेऊ. भालकीतील एका शिक्षकाच्या हाती दरमहा ४२,००० रुपये पडतात. त्याच्या निम्म्यापर्यंतचा हप्ता पुष्कळदा बँकेस मान्य होतो. साडेआठ टक्के व्याज व वीस वर्षे मुदत धरल्यास लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे २४ लाखांचे कर्ज! आता घरचा हिशोब पाहू. किराणा, शाळा, औषधपाणी व गावाकडच्या आईवडिलांचा खर्च मिळून २४,०००. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूस ५,०००. आजारपण व लग्नकार्याचा आहेर यांसाठी ३,०००. उरले १०,०००. एवढ्या हप्त्यात साडेअकरा लाख बसतात.

परंतु व्याजदर स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधीत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, आणि कित्येकांचे हप्ते अथवा मुदती वाढल्या. दर साडेदहा टक्के झाल्यास लाखामागे हप्ता सुमारे ९९८ रुपये होतो. तेव्हाही १०,००० रुपयांत भागावयाचे, तर कर्ज दहा लाखांपलीकडे नेऊ नये.

‘शेत आहे की!’ असे कोणी म्हणेल. पण मूग-उडीद भाद्रपदाच्या सुमारास येतो, तूर पौष-माघात. हप्ता मात्र दरमहा. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, एखाद्या वर्षी भाव. शेतीचे उत्पन्न हप्त्यात धरू नये. चांगल्या वर्षी ते मुद्दलात भरावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना घेता येत नाही. साडेआठ टक्क्यांनी दहा लाखांचे वीस वर्षांत जवळजवळ २१ लाख भरावे लागतात. तेव्हा तुरीचे लाखभर रुपये आरंभीच्या वर्षांत भरले, तर त्याचा लाभ मोठा.

हाती रोकडही हवी. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक देऊ शकत नाही. मुद्रांक व नोंदणीचा खर्च बहुधा आपणच सोसावयाचा. शिवाय सहा हप्त्यांइतकी रक्कम, म्हणजे ६०,००० रुपये, शिल्लक असावी. ती नसेल तर वर्षभर भाड्याच्या घरात राहून दरमहा तोच हप्ता पोस्टात अथवा बँकेत टाकून पाहावा. वर्षभर ओढाताण न होता तो भरता आला, तर झेपेल असे समजावे, आणि त्या वर्षाची शिल्लकही हाती राहील.

हा हिशोब कर्त्या पुरुषाने एकट्याने करू नये. घरखर्चाचे खरे आकडे गृहिणीस ठाऊक असतात. कर्जाच्या अर्जावर सही होण्यापूर्वी तिची वही उघडावी, एवढेच आमचे सांगणे.