चर्चमधून हॉटेलात, हॉटेलातून गाण्यात

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात लग्न निघालं की वरातीपुढे बँड आणि रात्री त्वरिता देवीच्या नावानं गोंधळ, हे ठरलेलं. गोंधळ्याचं संबळ बापाकडून पोराकडे येतं, कानावरून. बँडवाल्याचंही तसंच. सॅक्सोफोनवर त्यानं ‘रूप तेरा मस्ताना’ काढलं की पोरं बेभान होतात, पण मूळ गाण्यात ते वाद्य कुणी वाजवलं हे त्याला माहीत नसतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी वादकांची नावं पडद्यावर सहसा येतच नसत.

1969 च्या ‘आराधना’तल्या या गाण्यात सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. नेपाळी वळणाच्या घरातला हा माणूस, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या बँडच. त्यांची खरी शाळा मात्र कलकत्त्याजवळच्या बाटानगरची. बाटा कंपनीचा स्वतःचा बँड होता आणि तो चालवायला एक हंगेरियन बँडमास्तर! चपला-बुटांच्या कारखान्याच्या बँडमधून माणूस 1958 साली मुंबईत आला आणि सचिनदेव बर्मन यांच्या गाण्यात फुंकू लागला. असल्या वाटा कुठल्या अभ्यासक्रमात बसत नाहीत.

त्याच गाण्यातलं अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. मुंबईचं पारशी घर. वडील कावस लॉर्ड लॅटिन तालवाद्यांचे जाणकार. बोंगो, मराकास ही वाद्यं आपल्या गाण्यात रुळवली ती त्यांच्यासारख्यांनी. भाऊ बुजी ड्रम वाजवायचा. ‘हम दोनो’तला देव आनंदचा लायटर आठवतो? उघडला की त्यातून धून वाजते. ती धून लायटरची नाहीच. स्टुडिओत केरसींनी ग्लॉकेनस्पीलवर वाजवली होती.

अकॉर्डियनवरून टँगोकडे वळायला हरकत नाही, कारण टँगोचा जीव की प्राण असलेलं बँडोनिऑन याच जातकुळीतलं, भात्याचं वाद्य. ते जर्मनीतलं. ज्या छोट्या चर्चला मोठा ऑर्गन परवडत नव्हता तिथे प्रार्थनेला वाजायचं. जहाजातून अर्जेंटिनात, ब्यूनस आयर्सला पोचलं आणि थेट नाचाच्या गुत्त्यात शिरलं. 1955 मध्ये टँगोचा संगीतकार आस्तोर पियाझोला यानं आठ जणांचा संच बांधला, त्यात ही सरमिसळ आणखी वाढली. तो स्वतः पॅरिसला नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकून आलेला. चेलो वाजवणारा ब्रागातो तेआत्रो कोलोन या मोठ्या ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदातला. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माल्विचिनो सरळ जॅझवाला. जुने टँगोभक्त भडकले. हा टँगोच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते त्यांचं बरोबरही होतं. त्यातून नवंच काहीतरी जन्मलं.

आपल्याकडे याचा जोडीदार शोधायचा तर गोव्यात जावं लागतं. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, हातात व्हायोलिन देत. उद्देश चर्चमधल्या गायन-वादनाचा. पण पोट कुठे भरायचं? मग पोरं मुंबईला यायची, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकायची, आणि संध्याकाळी हॉटेलच्या डान्स बँडमध्ये फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा, टँगो वाजवायची. बँडोनिऑन आणि गोव्याचं व्हायोलिन, दोघांचा प्रवास देवघरातून नाचघरात.

हॉटेलातून पुढची उडी सिनेमात. आल्डोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांच्या ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगची छाप. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, त्यांना जवळ केलं. 1951 च्या ‘अलबेला’त चिकचा बँड पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे. फाळणीनं मुंबईत आणून सोडलं. पुढे शंकर-जयकिशनची गाणी सजवण्यात त्यांची वर्षंच्या वर्षं गेली.

सिटिंगला काय चालायचं ते मोठं मजेशीर. संगीतकार हार्मोनियमवर चाल गुणगुणणार, अरेंजर, म्हणजे सेबॅस्टियनसारखा वाद्यमेळ सजवणारा, ती कागदावर उतरवून घेणार. रिहर्सलला व्हायोलिनवाले कागदावरची टिंबं वाचून वाजवणार, आणि शेजारी ढोलकवाला, सतारवाला एकदा ऐकून कानावर धरणार. एकाला कागदाशिवाय अडायचं, दुसऱ्याला कागदाचं काहीच वाटायचं नाही. तेव्हा सगळ्यांचं ध्वनिमुद्रण एकत्र व्हायचं. एक चुकला की सगळ्यांचा टेक पुन्हा. या दोन बिरादऱ्या एकमेकींना धरून राहिल्या त्या बहुधा या धाकानं. मधला दुभाषी अरेंजर. गाण्याचं नाव संगीतकाराचं आणि गायकाचं झालं, आणि हा दुभाषी कोरडाच राहिला, हे मला आजही खटकतं.

या सगळ्यांत अँथनी गोन्साल्विस वेगळे. 1927 साली गोव्यातल्या माजोर्ड्यात जन्म, वडील तिथल्याच चर्चचे गायनमास्तर. मुंबईत नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. वांद्र्याच्या सुशीला सदनमध्ये त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत राहुलदेव बर्मन होते, प्यारेलाल होते. प्यारेलालचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रंपेटवाले, स्वतः पट्टीचे शिक्षक. तरी पोराला व्हायोलिनसाठी त्यांनी गोव्याच्या माणसाकडे धाडलं. अँथनींना रागदारी आणि सिंफनी यांचं लग्न लावायचं होतं. सारंग रागावर त्यांनी कॉन्चेर्टो लिहिला. 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला बोलावलं. पैसा काही जमला नाही. 1965 साली ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर माजोर्ड्यात राहिले, सिनेमाकडे फिरकले नाहीत.

1977 मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. असं सांगतात की नायकाचं आडनाव आधी फर्नांडिस ठरलं होतं, ते त्याच्या गाण्याच्या चालीत बसेना, तेव्हा प्यारेलालनी आपल्या गुरूचं नाव सुचवलं. नाव गल्लोगल्ली झालं. त्या गाण्यात अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं ते सोंग आहे असंच सगळ्यांना वाटलं, आणि खरा माणूस माजोर्ड्यात घरी बसलेला. 2012 साली ते गेले. चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आहे. मिळाला तर बघा.