तट, पेठा आणि राजवाडे : सातारा-सांगलीची पायी ओळख

साताऱ्याच्या पेठा तटाच्या आत नाहीत. इथला तट वर, अजिंक्यताऱ्यावर आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांना इथे राज्याभिषेक झाला आणि पुढे राजधानी गडावरून पायथ्याला उतरली. मंगळवार, शनिवार, गुरुवार अशा वारांच्या पेठा, चिमणपुरा, व्यंकटपुरा, रामाचा गोट ही वस्ती उतारावर वाढत गेली. म्हणून सातारा पाहायचा तो गडावरून खाली चालत: आधी चार भिंतींचे स्मारक, मग राजवाडा, तिथून राजपथाने पोवई नाका.

जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये बांधला. १८१८ मध्ये इंग्रजांनीच त्यांना गादीवर बसवले आणि १८३९ मध्ये इंग्रजांनीच पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे वर्षानुवर्षे झगडले. १८४८ मध्ये प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेले शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. दत्तक नाकारून त्याने गिळलेले हे पहिले संस्थान. १८५७ मध्ये उठावाचा कट फुटला आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना मारण्यात आले, कोणाला फाशी देऊन, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. चार भिंतींतले स्मारक या उठावाचे आहे. पोवई नाक्यापलीकडचा सदर बझार म्हणजे गोऱ्यांचा कॅम्प. पेठांच्या दाटीतून तिथे गेले की राज्य कोणाच्या हाती गेले ते पायांनाच कळते.

याच जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी पहिल्या इंग्रजी इयत्तेत एक मुलगा दाखल झाला: भिवा रामजी आंबेडकर, पुढचे बाबासाहेब. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्याची नोंद आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही इतरांपासून दूर; तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ उघडला तरच पाणी. शिपाई नसला की तहान तशीच. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. राजवाड्याच्या इतिहासात राज्ये आली-गेली, पण त्याचे सर्वांत मोठे पान या मुलाचे आहे.

सांगलीत मात्र फिरणे तटाच्या आतून सुरू होते. मिरजेतून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये सांगलीला राजधानी केली आणि गणेशदुर्ग उभारला: बाहेर खंदक, आत राजवाडा आणि दरबार. १८४३ मध्ये याच दरबारात विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सादर केले. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणरावांनी भाव्यांना मराठीत तसे काही करायला सांगितले होते. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबाराचा आधार सुटला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक तटाबाहेर पडले ते असे.

राजवाडा चौकातून हरभट रस्ता, गणपती पेठ करत कृष्णाकाठच्या काळ्या दगडाच्या गणपती मंदिरात जावे. मधोमध गणपती, भोवती चिंतामणेश्वर, चिंतामणेश्वरी, सूर्यनारायण आणि लक्ष्मीनारायण. शेवट १९२९ च्या आयर्विन पुलावर. पावसाळ्यात सांगलीकर पुराची गोष्ट याच पुलापाशी मोजलेल्या फुटांत बोलतात. २००५ आणि २०१९ च्या पुरांनी या जुन्या बाजारपेठेत किती खोल पाणी शिरते ते दाखवून दिले.

ही दोन्ही शहरे गाडीच्या काचेतून दिसत नाहीत. साताऱ्यात आणि सांगलीत आखलेला पायी मार्ग, चौकाचौकांत खरी माहिती देणारे मराठी फलक आणि जुन्या राजवाड्यांची वेळच्या वेळी डागडुजी, एवढे नगरपालिका, महापालिका आणि शाळांनी मिळून करायलाच हवे. ‘सीता स्वयंवरा’च्या प्रयोगाचा ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. दोन्ही दिवाळीच्या आसपास येतात. यंदा मुलांना घेऊन एक दिवस सांगलीत चाला, एक दिवस साताऱ्यात.