मुरलेल्या रमची पारख : डोळे, नाक आणि हायड्रोमीटर

साखर कारखान्याच्या आसवनीजवळून एस. टी. जाऊ लागली की खिडकीजवळचे प्रवासी नाकाला रुमाल लावतात. मळी आंबवून तिच्यातले अल्कोहोल काढून घेतल्यावर जे काळपट सांडपाणी उरते, त्याचा तो वास. जमैका बेटावरच्या काही जुन्या आसवनींत मात्र हे पाणी साठवून ठेवतात आणि पुढच्या आंबवणात मुद्दाम मिसळतात. तेथे त्याला ‘डंडर’ म्हणतात. अशा आंबवणातून निघालेल्या रमला चक्क पिकलेल्या अननसाचा वास येतो!

हा चमत्कार नाही, बारावीच्या पुस्तकातली अभिक्रिया आहे. डंडर घातलेल्या आंबवणात यीस्टबरोबर जीवाणूही काम करतात आणि ॲसेटिक, ब्युटिरिक अशी आम्ले तयार होतात. ब्युटिरिक आम्लाचा वास खवट लोण्यासारखा. पण त्याचा इथाइल अल्कोहोलशी संयोग झाला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि इथाइल ब्युटिरेट हे एस्टर तयार होते. त्याचा वास अननसाचा. जमैकात रमची प्रत ठरवताना एस्टरचे प्रमाण मोजतात. शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे १६०० ग्रॅम ही तेथील वरची मर्यादा. एवढी तीव्र रम सहसा कोणी तशीच पीत नाही. ती थोड्या प्रमाणात इतर रममध्ये मिसळली जाते.

दारूसारखा विषय या अंकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मद्यपानाची भलामण करण्याचा हेतू नाही. व्यावसायिक परीक्षक स्वतःही घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात. प्रश्न विज्ञानाचा आहे. वास आणि चव या व्यक्तिनिष्ठ गोष्टी. त्यांच्यावरून केलेल्या निवाड्याला पुरावा म्हणता येईल का? मुरलेली रम हे त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण तिच्याबाबतीत फसायला जागा पुष्कळ.

लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, तशी रमही मुरते. ओकच्या लाकडी पिंपात. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेली ही पिंपे मग कॅरिबियन बेटांकडे जातात. जाळताना लाकडातल्या लिग्निनचे विघटन होऊन व्हॅनिलिन तयार झालेले असते. आइसक्रीममधला तोच ओळखीचा वास. ओकमधली लॅक्टोन संयुगे नारळाची आठवण देतात, टॅनिन तुरटपणा देते. आतला कोळशाचा थर गंधकयुक्त संयुगे शोषून घेतो. लाकडातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनमुळे थोड्या अल्कोहोलचे आम्ल होते आणि त्यातून नवी एस्टरे जन्मतात.

त्याच लाकडातून द्रव उडूनही जातो. कॅरिबियनच्या उष्ण हवेत ही घट वर्षाला सुमारे ६ टक्के धरतात, थंड स्कॉटलंडमध्ये सुमारे २ टक्के. हे चक्रवाढ व्याजाचे उलटे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनंतर जमैकात सुमारे ९५ लिटर उरतात, स्कॉटलंडमध्ये १५७. उष्णतेमुळे लाकडाशी होणाऱ्या क्रियाही वेगाने होतात. म्हणून दोन्हीकडच्या ‘१२ वर्षां’ची तुलना करण्यात अर्थ नाही. फार काळ ठेवलेली रम अधिक चांगली, हाही गैरसमजच. टॅनिन वाढत जाऊन ती कडवट, लाकडी होते.

आता पारख. बाटली हातात घेताच माणूस आधी रंग पाहतो आणि तिथेच पहिली चूक करतो. गडद म्हणजे जुनी, असे आपण गृहीत धरतो; पण जळक्या साखरेचा, म्हणजे कॅरॅमलचा, रंग घालण्यास बहुतेक देशांत परवानगी आहे. लेबलवरचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. जमैका आणि बार्बाडोसच्या रमवर १२ असेल तर मिश्रणातली सर्वांत कोवळी रम १२ वर्षांची असते. काही ठिकाणी मात्र तो आकडा मिश्रणातल्या सर्वांत जुन्या थेंबाचे वय असतो.

तिसरी फसवणूक जिभेची. मुरल्याने आलेला मऊपणा आणि साखर घालून आणलेला मऊपणा जिभेला सारखाच वाटतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाने रममध्ये गोडीसाठी लिटरला जास्तीत जास्त २० ग्रॅमची मर्यादा घातली आहे. येथे हायड्रोमीटर उपयोगी पडतो. दूध तपासण्याच्या लॅक्टोमीटरचेच तत्त्व. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके, साखर विरघळली की घनता वाढते. त्यामुळे साखर घातलेल्या रममध्ये अल्कोहोलसाठीचा हायड्रोमीटर खऱ्यापेक्षा कमी अल्कोहोल दाखवतो. लिटरला ४ ग्रॅम साखरेने वाचन ढोबळमानाने एका टक्क्याने घसरते. लेबलवर ४० टक्के लिहिले आहे आणि काटा ३५ दाखवतो, तर लेबल खरे धरल्यास साखर लिटरला २० ग्रॅमच्या आसपास असणार. अर्थात लॅक्टोमीटरला जसे साय काढून पाणी घालून चकवता येते, तसे हे उपकरणही साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ यांत फरक करत नाही.

वासासाठी मात्र नाकाला पर्याय नाही. परीक्षक तोंडाशी निमुळता पेला घेतात आणि नाक आत न खुपसता थोडे वरून हुंगतात, कारण अल्कोहोलची वाफ नाक बधिर करते. मग चार थेंब पाणी. त्याने काय होते? स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१७ साली व्हिस्कीबाबत संगणकीय प्रतिरूपाने दाखवले की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाशी राहतो. ते ५९ टक्क्यांच्या पुढे गेले की तो आत खोलवर जातो. म्हणजे पाण्याने वास ‘उघडतो’ या जुन्या अनुभवाला आधार आहे. घोट तोंडात घेतल्यावरही आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला बराच भाग घशामागून नाकात गेलेला वासच असतो. (सर्दीत जेवण बेचव का लागते, ते यावरून कळेल.)

जमैकातील ॲपलटन इस्टेटच्या मास्टर ब्लेंडर म्हणून १९९७ साली नेमल्या गेलेल्या जॉय स्पेन्स मूळच्या रसायनशास्त्राच्या. त्यापूर्वी त्यांनी हा विषय शिकवलाही होता. नाक असे घडवता येते. पण घडवलेले नाकही डोळ्यांच्या दबावाखाली असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वासहीन लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. म्हणून ऑलिव्ह तेलाचे परीक्षक गडद रंगाचा पेला वापरतात, आणि रमच्या गंभीर परीक्षेतही लेबल झाकलेले असते.

याचा पडताळा शाळेत गुळाच्या पाण्यावर घेता येईल. काळसर गूळ आणि पिवळा गूळ यांची सारख्याच प्रमाणात पाणी घालून दोन द्रावणे करा. विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला तीन पेले द्या, दोनांत एकच द्रावण, तिसऱ्यात दुसरे. वेगळा कोणता? नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता एक तृतीयांश. पेल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून बदलत दहा वेळा करा, आणि दर वेळी मध्ये साध्या पाण्याने चूळ भरू द्या. दहापैकी सात किंवा अधिक उत्तरे केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे दोन आहे. सहा किंवा अधिक येण्याची मात्र जवळजवळ आठ. पेले मांडणाऱ्याने विद्यार्थ्यासमोर थांबू नये, त्याचा चेहराही उत्तर सांगून जातो.