न निवळणारा गाळ

रोवणीच्या दिवसांत चिचगडच्या शिवारातली बांधी बघा. चिखलणी झाली, माणसं बांधावर शिदोरी सोडून बसली, तरी पाणी गढूळच. रेती केव्हाच तळाला गेलेली असते, चिकणमाती तरंगत राहते. धानाला ते मानवतं. पण बांधावर टेकवलेल्या डीएपीच्या पोत्याचं मूळ जिथे आहे, त्या फॉस्फेटच्या खाणींना याच मातीने जेरीस आणलंय.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात फॉस्फेटच्या थरात साधारण एक भाग फॉस्फेट, एक भाग रेती आणि एक भाग चिकणमाती असते. थर धुतला की माती पाण्याबरोबर निघते. शंभर किलो गढुळात माती जेमतेम तीन ते पाच किलो. कण दोन मायक्रॉनहून बारीक, चपटे आणि एकमेकांना दूर लोटणाऱ्या ऋण भाराचे. ते खाली बसणार कसे?

म्हणून मोठाले बांध घालून हा गाळ साठवतात. खोदलेल्या जमिनीपैकी सुमारे 40 टक्के अशा तळ्यांखाली गेली. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ उन्हाळ्यात सुकतो, गाडीत भरून शेतात नेता येतो. तिथे वर पापुद्रा धरतो, खाली मात्र वर्षानुवर्षं लापशी. डिसेंबर 1971 मध्ये असा एक बांध फुटला, गाळ पीस नदीत उतरला आणि मासे तडफडून मेले.

उपाय ओळखीचेच आहेत. आपल्याकडे माठात निवळीचं बी उगाळतात किंवा तुरटी फिरवतात. तिथे पॉलिमर घालून कणांचे गोळे करतात. दुसरी रीत मला जास्त शहाणी वाटते: त्याच थरातून निघालेली रेती गाळात परत कालवायची. रेतीच्या वजनाने पाणी पिळून निघतं, जमीन लवकर टणक होते. पण रेती पुरायला हवी, हीच अडचण. तिसरी रीत कष्टाची: कडेने चर काढून पाणी ओढून घ्यायचं, पापुद्रा जाड होऊ द्यायचा. मग तिथे गवत वाढतं, गुरं चरतात.

उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचं फॉस्फेट कठीण खडकातलं. तिथे दळलेल्या दगडाची भुकटी उरते, तीही बांधाआडच ठेवावी लागते.

आणि ज्या स्फुरदासाठी एवढी खोदाई, त्यातलाही बराच वाटा फ्लोरिडाच्या त्या लापशीतच अडकून पडला आहे.