रामलिंगचा वाघ काय म्हणाला असता?

डिसेंबर 2024 मध्ये धाराशिवजवळच्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वनखात्याच्या कॅमेऱ्याने एक वाघ टिपला. यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे साडेचारशे किलोमीटर तुडवत तो या जेमतेम 22 चौरस किलोमीटरच्या रानात पोहोचला होता. पुढे त्याचे नावच ‘रामलिंग’ पडले. त्याला पकडून रेडिओ कॉलर लावायला आलेल्या पथकांच्या हाती तो लागला नाही. आता त्या चित्रावर आपल्या बोलीतला आवाज चढवून पाहा: “लई लांबनं आलोय पावणं, पर सोयरीक काय जमंना!”

हसू येते, आणि हसता हसता खरी गोष्टही कळते. वयात आलेला नर हद्द आणि मादी शोधत घर सोडतो. इथे जवळपास वाघीण नाही.

प्राण्यांच्या चित्रणावर विनोदी आवाज चढवण्याची ही कला ब्रिटनमध्ये घराघरांत रुजली. बीबीसीवर जॉनी मॉरिस 1962 पासून दोन दशके ‘ॲनिमल मॅजिक’मध्ये प्राण्यांच्या वतीने बोलत राहिले. 2009 मध्ये ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ हा कार्यक्रम आला. त्यात मागच्या पायांवर उभा राहून “ॲलन! ॲलन!” ओरडणारा मार्मोट हा खारीच्या कुळातला प्राणी आजही लोकांच्या लक्षात आहे. मार्मोट खरोखरच तसा ताठ उभा राहून धोक्याची हाळी देतो. म्हणून तो विनोद बसतो.

उलट उदाहरण डिस्नीचे. 1958 च्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये लेमिंग हे उंदरासारखे प्राणी कड्यावरून स्वतःहून उड्या घेताना दाखवले. ते चित्रण बनावट होते, प्राण्यांना ढकलण्यात आले होते, हे 1982 मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने उघडकीस आणले. तिथे निवेदन गंभीर होते, तरी खोटे होते. आवाज हसरा की भारदस्त, हा प्रश्नच नाही. समोरचे चित्र खरे हवे आणि शब्द प्राण्याच्या वागण्यातून उगवलेले हवेत.

मराठी शेतकऱ्याचा कान याबाबतीत फार जुना आणि तयार आहे. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडतो तेव्हा शेतकऱ्याला “पेरते व्हा, पेरते व्हा” ऐकू येते. पक्षी त्या वेळी आपल्या विणीच्या हंगामात साद घालतो, आणि शेतकरी त्या सादेला आपल्या हंगामाची जोड देतो. दारात येणारा नंदीवालाही हेच करी: गुबगुबी वाजवून “पाऊस पडंल का?” विचारी, बैल मान हलवी, अर्थ मालक सांगे. त्या मान हलवण्यामागे वेसणीचा ताण आणि शिकवणीचा त्रास असे, हे विसरता येत नाही. माकड-अस्वलांच्या खेळांवर 1998 च्या केंद्रीय अधिसूचनेने बंदी आली, 2011 मध्ये बैलही त्या बंदीच्या यादीत गेला. चित्रणावर आवाज देताना कुणाच्या नाकात दोरी घालावी लागत नाही, हा या प्रकाराचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण.

आपल्याकडे आवाजांचीही वाण नाही. दूरदर्शनच्या हिंदी ‘जंगल बुक’मधल्या शेरखानला आवाज दिला तो मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी.

मराठी वाहिन्यांनी हे काम हाती घ्यावे. बालाघाटच्या डोंगरांतले काळवीट, तरस, खोकड, रामलिंगची माकडे यांचे खरे चित्रण घ्यावे, संहितेवर वन्यजीव अभ्यासकाची नजर फिरू द्यावी, आणि आवाज धाराशिव-बार्शीच्या बोलीत द्यावा. आणि तोवर तुमच्या मोबाइलवर असा एखादा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवण्याआधी प्राणी खरोखर काय करतो आहे, तेवढे जरूर पाहा.