बातमीची संध्याकाळ आणि नंतरचे दिवस

गांधीजी गेले तेव्हा आपण कुठे होता, असा प्रश्न महाराष्ट्रातील एखाद्या वयोवृद्ध गृहस्थाला वा गृहिणीला विचारून पाहावा. उत्तराला क्षणाचाही विलंब लागत नाही. दिवेलागणीची वेळ झाली होती, वडील नुकतेच कचेरीतून परतले होते, शेजारच्या वाड्यातून कोणी तरी धावत आले, आईने चुलीवरचे भांडे खाली उतरवले आणि त्या रात्री घरात कोणी जेवले नाही, असा सारा तपशील डोळ्यांपुढे मांडला जातो. त्याच व्यक्तीला आदल्या दिवशीची संध्याकाळ कशी गेली असे विचारले, तर ती नुसती हसते. पाऊण शतक उलटून गेले तरी एक संध्याकाळ जशीच्या तशी उभी राहते आणि तिच्या शेजारची संध्याकाळ पार पुसली जाते. ही किमया कशाची, आणि जे उभे राहते ते खरोखरच जसेच्या तसे असते काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

इतिहासाने नोंदलेला घटनाक्रम सुपरिचित आहे. ३० जानेवारी १९४८, वार शुक्रवार. सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबल्यामुळे गांधीजींना प्रार्थनेला निघण्यास उशीर झाला. सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास दिल्लीच्या बिर्ला भवनात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सहाच्या सुमारास नभोवाणीने ती वार्ता देशाला सांगितली. मारेकरी हिंदू आहे हे त्या वार्तेत मुद्दाम सांगण्यात आले, कारण तो मुसलमान असल्याची अफवा पसरली असती तर फाळणीच्या जखमा ओल्या असलेल्या देशात काय झाले असते, याची जाण अधिकाऱ्यांना होती. त्या रात्री पंडित नेहरू नभोवाणीवरून बोलले आणि दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेचे धावते वर्णन मेलव्हिल डी मेलो यांनी सुमारे सात तास केले.

परंतु ही वार्ता महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली कशी? स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात नभोवाणीची अवघी सहा केंद्रे होती, त्यांपैकी आपल्या भागात एकटे मुंबईचे. पुण्याचे केंद्र सुरू व्हायला १९५३ साल उजाडावे लागले. रेडिओ ही परवाना काढून बाळगण्याची, सुखवस्तू घरातली वस्तू होती. बहुसंख्य लोकांना ही बातमी कळली ती दुसऱ्या माणसाच्या तोंडून. कोणाला चौकात कळली, कोणाला रेल्वे स्टेशनात, कोणाला तालुक्याहून आलेल्या माणसाकडून, आणि आडगावच्या कित्येकांना तर दुसऱ्या दिवशी. असे असूनही आज जी आठवण सांगितली जाते तिच्यात रेडिओ बहुधा असतोच.

लख्ख उजेडातील स्मृती

मानसशास्त्रज्ञांनी या प्रकाराचा विचार फार पूर्वीच सुरू केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून १८६५ साली झाला. त्यानंतर तीसएक वर्षांनी कोलग्रोव्ह नावाच्या संशोधकाने १७९ लोकांना, ती वार्ता ऐकली तेव्हा आपण कुठे होता, असे विचारले. त्यांतील १२७ जणांनी स्थळ, काळ आणि सांगणारा माणूस यांसह उत्तरे दिली. पुढे १९७७ साली ब्राऊन आणि कुलिक या दोघांनी, केनेडी यांच्या १९६३ मधील खुनाच्या आठवणी तपासून, अशा स्मृतीला छायाचित्रकाराच्या फ्लॅशच्या दिव्याची उपमा दिली. दिवा क्षणभर लखलखतो आणि त्या उजेडात महत्त्वाचे आणि क्षुल्लक असे दोन्ही टिपले जाते.

त्यांच्या पाहणीतील एक निष्कर्ष आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची अशी लख्ख आठवण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांमध्ये कितीतरी अधिक जणांनी सांगितली. देश एकच, वार्ता एकच, पण दिवा ज्याच्या त्याच्या आयुष्यावर होणाऱ्या परिणामाच्या मानाने पेटला. राष्ट्रीय शोक म्हणून ज्याचा उल्लेख आपण एकवचनात करतो, तो स्मृतीत अनेकवचनीच असतो.

छायाचित्राची उपमा मात्र फार काळ निर्वेध टिकली नाही. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाला स्वतःची एक आठवण पक्की वाटत असे. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असे तो सांगे. अनेक वर्षांनी त्याच्या ध्यानात आले की डिसेंबरात बेसबॉलचे सामने नसतातच! याच नायसरने १९८६ साली, ‘चॅलेंजर’ अंतराळयान कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १०६ विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कशी कळली ते लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. तेव्हा जवळजवळ एक चतुर्थांश विद्यार्थ्यांची उत्तरे प्रत्येक मुद्द्यावर चुकली आणि पूर्ण बरोबर उत्तरे देणारे अवघे तिघे निघाले. वर्गात वा मित्राकडून बातमी कळलेले काही जण आता ती दूरचित्रवाणीवर पाहिल्याचे सांगू लागले होते. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी हरवलेली आठवण परतली नाही. आणि तरीही स्वतःच्या स्मृतीवरचा त्यांचा विश्वास अढळ होता.

यात लबाडी कोणाचीच नाही. आठवण पेटीत जपून ठेवलेल्या दागिन्यासारखी नसते. ती दर वेळी सांगताना नव्याने घडवली जाते. चार वेळा सांगितलेल्या गोष्टीत ऐकणाऱ्यांना जे पटते ते राहते, न पटणारे गळते. चौकात कोणा अनोळखी माणसाने सांगितले, यापेक्षा रेडिओवर स्वतः ऐकले हे अधिक शोभते. तेव्हा आपल्याकडेही एखादे आजोबा, त्या दिवशी रविवार असल्यामुळे शाळेला सुट्टी होती, असे सांगू लागले तर त्यांच्यावर रागावू नये. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला विचारावे. तो शुक्रवार होता.

दुसऱ्या दिवसाचा धूर

वार चुकला तर इतिहासाचे फारसे बिघडत नाही. महाराष्ट्राच्या बाबतीत प्रश्न याहून गंभीर आहे. मारेकरी पुण्याचा, एका मराठी दैनिकाचा संपादक आणि जातीने ब्राह्मण असल्याचे समजताच मुंबई-पुण्यात आणि पाठोपाठ सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. घरे, दुकाने, छापखाने जळाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या नांदलेली कुटुंबे नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली, आणि त्यांतली कित्येक पुन्हा गावी परतलीच नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीने तो काळ मराठी वाचकांसमोर मांडला आहे.

त्या दिवसांबद्दल सांगताना काही घरांत पेढे वाटले गेल्याचा उल्लेख हटकून येतो. हत्येनंतर मिठाई वाटली गेल्याचे सरदार पटेलांच्या १९४८ मधील पत्रव्यवहारातही नमूद आहे. तेव्हा हा प्रकार कोठेच घडला नाही असे म्हणता येणार नाही. परंतु सांगणाऱ्याने ते पेढे स्वतः पाहिले होते की कोणाकडून ऐकले होते, हा साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्या घरांत पेढे आले नव्हते, ज्या घरांत त्या संध्याकाळी चूल पेटली नव्हती, ज्या घरांच्या भिंतीवर गांधीजींचीच तसबीर होती, अशा घरांनाही काडी लागली. जमावाने दारातून आत डोकावून पाहिले नाही, आडनाव पाहिले.

येथेच स्मृतीची खरी परीक्षा सुरू होते. ३० जानेवारीच्या संध्याकाळी आपण कुठे होतो, हे सांगायला सर्वजण उत्सुक असतात, कारण त्या उत्तरात आपण निष्पाप असतो. वाईट बातमी ऐकणाऱ्याला दोष कोण देणार? ३१ जानेवारी आणि नंतरचे काही दिवस आपण कुठे होतो, हे विचारताच आवाज खाली येतो. ज्यांची घरे जळाली ते सांगतात. ज्यांनी शेजाऱ्याला माळ्यावर लपवले, त्यांचीही मुले अभिमानाने सांगतात. पण जे जमावात होते, जे दाराआडून पाहत होते, ज्यांनी जळत्या घरातले भांडे उचलून आणले, त्यांच्या घरांत ती आठवण पुढच्या पिढीला मिळाली नाही. शोक तेवढा वारसा म्हणून दिला गेला.

छत्तीस वर्षांनी तोच प्रकार दिल्लीत घडला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींवर त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. परदेशी नभोवाणीने मृत्यूची वार्ता दुपारीच दिली, आपल्या आकाशवाणीने ती संध्याकाळी अधिकृतपणे सांगितली. कचेऱ्यांत टेबलाभोवती जमलेले कारकून, ट्रान्झिस्टरला लावलेले कान, लवकर सुटलेल्या शाळा, ओस पडलेले रस्ते, ही त्या पिढीची लख्ख आठवण. त्याच रात्रीपासून शिखांवर हल्ले सुरू झाले आणि सरकारी मोजणीप्रमाणे एकट्या दिल्लीत २७३३ माणसे मारली गेली. मारेकरी दोन होते. शिक्षा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारोंना झाली. आज साठीत असलेला माणूस त्या दिवशीचा दूरदर्शनचा पडदा तपशीलवार वर्णन करतो. पडद्यावर जे दिसले नाही ते सांगणारा विरळा.

राष्ट्रावर आघात होतो त्या वेळी प्रत्येकजण शोकात असतो, आणि त्याच वेळी शेजाऱ्याशी आपले वर्तन काय हेही ठरत असते. साने गुरुजींनी गांधीहत्येनंतर एकवीस दिवसांचे उपोषण केले. आघाताच्या दिवसांत दुसऱ्याचा हिशोब मागण्याऐवजी स्वतःचा हिशोब मांडणारी माणसेही याच महाराष्ट्रात होती, एवढे तरी त्यातून दिसते.

वहीतले दोन रकाने

१९४८ साली आठ वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. जे काही नोंदवायचे ते नोंदवण्यास आता फार अवधी उरलेला नाही. या कामाला संशोधनसंस्था वा अनुदान लागत नाही. इतिहासाच्या शिक्षकाने वर्गातील मुलांना एवढेच सांगावे की आपल्या गल्लीतील एका वृद्ध व्यक्तीकडे जा आणि वहीच्या पानावर दोन रकाने आखा. पहिल्यात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले लिहा, दुसऱ्यात मागाहून ऐकलेले. बातमी कोणी सांगितली ते विचारा, आणि नंतरच्या आठ दिवसांत आपल्या गल्लीत काय झाले तेही विचारा. उत्तर नाही मिळाले तर ‘उत्तर दिले नाही’ असे लिहा. तीही नोंदच आहे. मग सार्वजनिक वाचनालयातील जुन्या वृत्तपत्रांशी आणि दिनदर्शिकेशी ताडून पाहा. वार, वेळ, अंतर जुळते का ते पाहा. न जुळल्यास सांगणाऱ्याला खोटे पाडू नका. आठवण कुठे वळली आणि का वळली असावी, याचा विचार करा. पाठ्यपुस्तकातील चार ओळींपेक्षा इतिहासाचे अधिक शिक्षण त्यातून होईल.

आणि असा प्रसंग देशावर पुन्हा कधी न येवो. परंतु आलाच तर त्याच रात्री, निजण्यापूर्वी, तारीख घालून चार ओळी लिहून ठेवाव्यात. कोणी सांगितले, कुठे ऐकले, मनात प्रथम काय आले. ती वही तेथेच मिटू नये. दुसऱ्या दिवशीही लिहावे, तिसऱ्याही. पन्नास वर्षांनी नातवाने विचारले, तेव्हा तुम्ही कुठे होता, तर सांगायला पहिले पान पुरेल. त्याने पुढचा प्रश्न विचारला, मग तुम्ही काय केलेत, तर दुसरे पान कोरे नसावे.